दुसऱ्यांदा येणारं हसू

दिवाळीत जूचंद्रला रांगोळ्या बघायला लांबलांबून माणसं येतात. चंडिकादेवीच्या डोंगराखालचं हे आगरी गाव. एकेकाळी मिठागरांत राबणारं, आता रांगोळी कलाकारांसाठी नावाजलेलं. गेल्या खेपेला रांगेत माझ्यापुढे दोन पोरं होती. धाकट्यानं कमरेवर हात ठेवले, मान तिरकी केली आणि टीव्हीवरच्या प्रहसनातल्या दादूससारखा नुसता उभा राहिला. शब्द एकही नाही. थोरला खदखदून हसला. "किती वेळा तेच तेच?" म्हणत आई डाफरली, आणि मग तीही हसली.

प्रहसनाची खरी परीक्षा आईच्या त्या प्रश्नातच आहे. पहिल्यांदा हसू येतं ते पंच अचानक अंगावर आल्यामुळे. पण पुढचं सगळं ठाऊक असताना दुसऱ्यांदा, दहाव्यांदा हसू कशामुळे येतं?

आपल्याकडे ही परीक्षा टीव्हीच्या आधीपासून चालू आहे. तमाशातली बतावणी म्हणजे स्किटची आजीच. सोंगाड्या काय करणार हे गावाला पाठ असायचं, तरी माणसं जागा धरून बसायची. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि हे हसू दिवाणखान्यात आलं. विनायक चासकरांच्या 'गजरा'नं छोट्या प्रहसनांची चटक लावली. चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांनी उभा केला आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. त्या काळी टेप महाग. एक कार्यक्रम पुसून त्यावरच दुसरा चित्रित व्हायचा. चिमणरावचे बरेचसे भाग आज बघायलाच मिळत नाहीत. तरी साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, चिमणरावची ती गोंधळलेली चाल घरातल्या घरात करून दाखवतील. टेप गेली, पण माणूस लक्षात राहिला.

जगभर नाव झालेलं एक उदाहरण बघा. 'डिनर फॉर वन' हे अठरा मिनिटांचं इंग्रजी प्रहसन १९६३ साली जर्मन टीव्हीनं चित्रित केलं. जर्मनीत ते दर ३१ डिसेंबरला लागतं. खुद्द इंग्लंडात मात्र ते फारसं कुणाला माहीत नव्हतं. मिस सोफीचा नव्वदावा वाढदिवस. टेबलावर चार मित्रांची पानं मांडलेली, पण ते चौघेही केव्हाच वारलेले. म्हातारा बटलर जेम्स प्रत्येकाच्या वाटची दारू स्वतःच पितो आणि येता-जाता वाघाच्या कातड्याच्या डोक्याला अडखळतो. एकदा-दोनदा नाही, अकरा वेळा. मध्येच एका फेरीत तो न अडखळता पार होतो, स्वतःच चकित होतो, आणि तिथे सगळ्यात मोठा हशा येतो. आधी अडखळण्याची सवय लावली, म्हणून न अडखळणं हाच विनोद झाला. त्या हशाखाली चार रिकाम्या खुर्च्या आहेत. त्या काढून टाका, मग उरतो फक्त एक झिंगलेला म्हातारा.

आपल्याकडे 'चला हवा येऊ द्या'नं २०१४पासून थुकरटवाडी या काल्पनिक गावात भरपूर धुमाकूळ घातला. त्यातली सिनेमांची विडंबनं त्या-त्या सिनेमाबरोबर मागे पडली. पण सागर कारंडेंचा पोस्टमन आणि अरविंद जगतापांनी लिहिलेली पत्रं लोक अजून शोधून ऐकतात. हसता हसता घशात आवंढा येतो, म्हणून. २०१८पासूनच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'त सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांनी पात्रं पुन्हा पुन्हा आणायची युक्ती चांगलीच रुजवली. नम्रता संभेराव यांची लॉली आली, की ती तोंड उघडण्याआधीच आपण सावरून बसतो. अरुण कदमांच्या दादूसच्या तोंडी आगरी-कोळी बोली आली आणि वसई ते उरण या पट्ट्याला आपल्या ओटीवरचं बोलणं टीव्हीवर ऐकू आलं. इथे फरक बारीक, पण मोठा आहे. बोलीला हसणारं स्किट चार दिवसांचं. त्या बोलीतून एखादा माणूस आपला हट्ट रेटतो, ते स्किट टिकतं.

ताज्या बातमीवरचा टोला, पाहुण्या नटाची थट्टा, साडी नेसलेला पुरुष: एवढ्यावरच उभं असलेलं हसू पहिल्या फेरीतच संपतं. टिकतो तो माणूस. त्याला काहीतरी क्षुल्लक हवं असतं, पण त्याच्या लेखी तो जिवाचा प्रश्न असतो. नट स्वतः हसला की खेळ खलास. आणि त्या माणसाची रेघ इतकी स्वच्छ हवी, की पोरालाही ती ओढता यावी.

त्या दिवशी जूचंद्रला रांग सरकली, तेव्हा आत हॉलमध्ये एका म्हातारीचं चित्र होतं, सगळं रांगोळीचं. कलाकारानं चिमटीतून पांढऱ्याचा शेवटचा कण बुबुळात सोडला आणि म्हातारी बघू लागली. प्रदर्शन संपलं की हे सगळं केरसुणीनं गोळा होणार, हे त्यालाही माहीत होतं.

संध्याकाळी जूचंद्र स्टेशनवर दिव्याच्या गाडीची वाट बघताना ती पोरं पुन्हा दिसली. धाकटा पेंगुळला होता. थोरला त्याला ढोसत होता, "ए, परत कर ना."