तिकडे प्लंबरकाका नसतात

सप्टेंबरच्या इनटेकची तयारी सुरू झाली की घराघरांत एकच दृश्य दिसतं. वजनकाट्यावर बॅग, बॅगेत छोटा कुकर, गोडा मसाला, मेतकूट आणि ‘अजून दोन किलो बसेल’ म्हणणारी आई. माझी मावसबहीण मास्टर्ससाठी इंग्लंडला गेली तेव्हा तिच्या बॅगेत चकलीचा सोऱ्यासुद्धा होता. (हो, खरंच. एकदाही वापरला नाही.) पण पाणी गळायला लागलं तर काय करायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला तरी कुणी सांगितलंय?

आपल्याकडे सिंक तुंबलं की आपण काय करतो? ओरडतो. ‘बाबा, सिंक तुंबलंय!’ मग बाबा फोन लावतात, प्लंबरकाका ‘अर्ध्या तासात येतो’ म्हणून दुसऱ्या दिवशी येतात, काहीतरी खटपट करतात, चहा पितात आणि जातात. यात आपला सहभाग फक्त ओरडण्यापुरता.

कॉव्हेंट्रीत ताई आणखी चार मुलींसोबत एका जुन्या, विटांच्या दुमजली घरात राहायची. वर बाथरूम, त्याच्या बरोबर खाली स्वयंपाकघर. आता एक गोष्ट नीट ऐका, कारण आपली भली भली मुलं इथेच फसतात. तिकडच्या घरांतल्या बाथरूमला बहुतेक वेळा मोरी नसते. टब असतो, शॉवर असतो, पण जमिनीवरचं पाणी जायला जाळीच नसते. जुन्या घरांत वरच्या मजल्याची जमीन लाकडी फळ्यांची असते. बादली-मग घेऊन टबाबाहेर बसलात, तर पाणी जाणार कुठे? खालच्या छतात.

ताई शहाण्यासारखी टबातच आंघोळ करायची. पण टब आणि भिंत यांच्यामधली सिलिकॉनची पट्टी काळी पडून सुटली होती. शॉवरचं पाणी रोज थोडं थोडं त्या फटीत जात होतं.

नोव्हेंबरमध्ये स्वयंपाकघराच्या छतावर चहाच्या रंगाचा डाग दिसला. बशीएवढा. पाचजणींनी मीटिंग घेतली आणि ठरलं काय, तर घरमालकाला सांगायचं नाही! ‘डिपॉझिट कापेल’, ‘घर सोडा म्हणेल’, ‘व्हिसाला प्रॉब्लेम आला तर?’ गळक्या छताचा आणि व्हिसाचा काय संबंध, हे ताईला आजही सांगता येत नाही. पण नव्या देशात भीती अशीच वाटते, कशालाही कुठेही जोडून. घरी फोनवर तर विषयच काढला नाही. आईला टेन्शन कशाला?

तीन आठवड्यांत बशीचं ताट झालं. मग एका रविवारी, खाली भरली वांगी शिजत असताना, छताचा भिजलेला तुकडा धप्पकन शेगडीवर आला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. वांगी गेली.

घरमालकाचा पहिला प्रश्न होता, ‘हे पहिल्यांदा कधी दिसलं?’ एकीने घाबरून ‘कालच’ म्हटलं. दुसरीने मदत म्हणून त्याला डागाचा फोटो पाठवला. फोटोवर तारीख होती, तीन आठवड्यांपूर्वीची.

यातली चीड आणणारी गोष्ट अशी, की मूळ दुरुस्ती त्याचीच होती. इंग्लंडमध्ये १९८५च्या घरमालक-भाडेकरू कायद्याप्रमाणे घराचा सांगाडा, पाण्याचे पाइप, टब, सिंक, संडास, हीटिंग आणि गरम पाणी या सगळ्याची दुरुस्ती घरमालकाच्या माथी असते. फक्त घराच्या आत काय बिघडलंय हे त्याला कळवावं लागतं. पहिल्या दिवशी फोटोसकट एक ईमेल गेला असता, तर यांना एक पौंडही पडला नसता. लपवल्यामुळे नुकसान वाढलं आणि वाढलेल्या खर्चातला वाटा पाचजणींच्या डिपॉझिटमधून गेला. म्हणून फोनवर बोललात तरी नंतर लिहून पाठवाच, तारखेसकट. आणि परस्पर प्लंबर बोलावू नका. त्याचं बिल मग तुमच्याच गळ्यात पडू शकतं.

डिपॉझिटचंही ऐकून ठेवा. खासगी भाड्याच्या घरात ते साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावं लागतं. कापाकापी पटली नाही तर त्या योजनेकडे मोफत दाद मागता येते. युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलचे नियम वेगळे असतात, ते सही करण्याआधी वाचा.

पण सगळंच मालकावर ढकलता येत नाही. १९५३च्या एका खटल्यात न्यायमूर्ती डेनिंग यांनी भाडेकरूची कामं सांगून ठेवली आहेत. आपल्याच कचऱ्याने सिंक तुंबलं तर ते आपण मोकळं करायचं आणि हिवाळ्यात घर बंद करून जाताना गरज असेल तर पाणी बंद करायचं, ही त्यातलीच. म्हणजे चहाचा चोथा सिंकमध्ये ओतलात तर निस्तरणारे तुम्हीच. त्याहून वाईट म्हणजे फोडणीचं उरलेलं तेल आणि तूप. थंडीत ते पाइपमध्ये गोठतं. लंडनमध्ये व्हाइटचॅपलच्या गटारात २०१७ मध्ये चरबी आणि वेट वाइप्सचा २५० मीटर लांब, १३० टनांचा गोळा सापडला होता. त्याचा तुकडा पुढे म्युझियममध्येही ठेवला! तेव्हा तेल जुन्या बरणीत भरा, कढई कागदाने पुसा आणि मगच धुवा. आणि पहिल्या आठवड्यात एक प्लंजर आणून ठेवा.

बॉयलर हे दुसरं प्रकरण. ऐन जानेवारीत रेडिएटर गार पडले की आधी बॉयलरवरचा प्रेशरचा काटा बघा. बॉयलर थंड असताना तो साधारण १ ते १.५ बार असावा लागतो. काटा खूप खाली असेल तर बहुतेक बॉयलर बंद पडतात. पाणी भरायचा कॉक सहसा खालीच असतो, तो कसा फिरवायचा हे घरमालकाकडून आधी शिकून घ्या. पण बॉयलरचं झाकण उघडायचं नाही. गॅसच्या उपकरणाला हात लावायचा हक्क तिथे फक्त ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्यालाच आहे आणि दर वर्षी त्याची तपासणी करून घेणं घरमालकाला बंधनकारक आहे. ते सर्टिफिकेट मागा, लाजू नका. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा.

राहिली बुरशी. रेडिएटरवर कपडे वाळत घालायचे, कुकर लावायचा आणि थंडी म्हणून खिडक्या बंद! ती वाफ भिंतीवर बसते. हे आपण टाळू शकतो. पण ओल भिंतीतूनच येत असेल तर तेही लिहून कळवा आणि मालक हलत नसेल तर स्थानिक कौन्सिलकडे तक्रार करा. ‘वरून रंग मारा’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. रॉचडेलमध्ये अवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनाही तसंच सांगितलं गेलं होतं. २०२० मध्ये तो गेला आणि तो घरातल्या बुरशीमुळेच गेला, असा निष्कर्ष कोरोनरने २०२२ मध्ये काढला. त्याच्या नावाने आता तिथे कायदा आहे.

हे सगळं सांगून झाल्यावर ताईने मला विचारलं, ‘तुमच्या घरात पाण्याचा मेन कॉक कुठेय?’ इंग्लंडमधल्या घरात तो बहुतेकदा स्वयंपाकघरातल्या सिंकखाली असतो, तिने नंतर पहिल्याच दिवशी शोधायला शिकून घेतलं. मला आमच्या पुण्यातल्या घरातला माहीत नव्हता. बाबांनाही नव्हता. आम्ही दोघांनी मिळून शोधला, तर वॉशिंग मशीनच्या मागे निघाला. गंजून असा घट्ट बसलाय की फिरतच नाही. बाबांनी प्लंबरकाकांना फोन लावलाय. अर्ध्या तासात येतो म्हणालेत.