पिंपातून उडून जाणाऱ्या व्हिस्कीचा हिशेब : बेंगळुरूच्या सिंगल माल्टवर वय का लिहिलेले नसते?

महादेवपुरा (बेंगळुरू) : महादेवपुऱ्यातील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये पुणे, कोल्हापूर, नागपूरकडून आलेल्या मराठी अभियंत्यांची संख्या मोठी आहे. येथील मॉलमधील मद्यविक्री दुकानात उभे राहिले, की त्यांच्यापैकी अनेकांना एक प्रश्न पडतो. एका फळीवर बारा वर्षे मुरलेली स्कॉच असते, तिच्या लेबलवर वय ठळक छापलेले असते. शेजारी बेंगळुरूतच तयार झालेली सिंगल माल्ट असते. किंमत जवळपास तितकीच, परंतु वयाचा उल्लेख नाही. चौकशी केल्यावर ती साधारण चार-पाच वर्षांची असल्याचे समजते. मग कमी मुरलेल्या मद्यासाठी तेवढेच पैसे का मोजायचे?

या प्रश्नाचे उत्तर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. ऑक्टोबर २०२३ पासून मेट्रोची जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपासून चल्लघट्टापर्यंत पूर्ण धावू लागली. महादेवपुऱ्याजवळ गाडीत बसून शेवटच्या स्थानकावर उतरले, की म्हैसूर रस्त्याने पुढे कंबीपुरा लागते. तेथे अमृत डिस्टिलरीजचा कारखाना आहे. भारतीय सिंगल माल्टला जगाच्या बाजारात प्रथम स्थान मिळवून दिले ते या कारखान्याने.

आधी शब्दांचा अर्थ पाहू. ‘माल्ट’ म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, म्हणजेच आपल्याकडील सातू. मोड येताना धान्यात तयार होणारी विकरे पिष्टमय पदार्थाचे साखरेत रूपांतर करतात. दळलेले माल्ट गरम पाण्यात कालवून ती साखर उतरवून घेतली जाते, यीस्ट घालून रस आंबवला जातो आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यांत त्याचे सहसा दोनदा ऊर्ध्वपातन होते. हाती येणारे मद्य पाण्यासारखे रंगहीन असते. ‘सिंगल’ म्हणजे एकाच पिंपातील किंवा एकाच हंगामातील मद्य नव्हे. सर्व मद्य एकाच कारखान्यात तयार झालेले असावे, एवढाच त्याचा अर्थ. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांतही व्याख्या हीच आहे: केवळ माल्ट केलेले जव, पॉट स्टिल आणि एकच डिस्टिलरी.

रंग आणि बराचसा स्वाद त्यानंतर, ओक लाकडाच्या पिंपात येतो. अमेरिकेत बर्बनसाठी दर वेळी आतून जाळलेले नवे पिंप वापरण्याचे बंधन आहे. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे जगभर विकली जातात आणि त्यातील अनेक भारतात येतात. उष्णता वाढली की मद्य प्रसरण पावून लाकडाच्या रंध्रांत शिरते, थंडी पडली की बाहेर येते. येताना लाकडातील गोडसर, व्हॅनिलासारखी वास देणारी द्रव्ये सोबत आणते. तापमान जितके अधिक, तितके हे काम जलद. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने येथील हवा भारतीयांना सौम्य वाटते. परंतु स्कॉटलंडच्या ओलसर, गार गोदामांच्या तुलनेत ती उष्णच. तेथे बारा वर्षांत येणारी परिपक्वता येथे त्याहून कितीतरी कमी काळात येते, असे उत्पादक म्हणतात. अगदी नेमके गुणोत्तर सांगणे कठीण आहे, कारण केवळ लाकडाचा अंश उतरणे म्हणजे मुरणे नव्हे. पिंपात शिरणाऱ्या हवेने संथपणे होणारे बदलही त्यात येतात आणि त्यांना घाई करता येत नाही.

उष्णतेची किंमत मात्र नेमकी मोजता येते. पिंपातून मद्य सतत उडत राहते. या घटीला व्यवसायात ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये ती वर्षाला साधारण दोन टक्के, तर बेंगळुरूत दहा ते बारा टक्के असते. दोनशे लिटरचे एक पिंप घेऊन हिशेब मांडला तर स्कॉटलंडमध्ये बारा वर्षांनंतर सुमारे १५७ लिटर मद्य शिल्लक राहते. बेंगळुरूत वर्षाला अकरा टक्के घट धरली तर पाच वर्षांतच ११२ लिटर उरतात, आणि बारा वर्षे थांबल्यास जेमतेम ४९. तीन चतुर्थांश मद्य हवेत गेल्यावर उरलेले कितीला विकायचे? अमृतने २०१३ मध्ये आठ वर्षांची व्हिस्की बाजारात आणली, तेव्हा तिच्या अवघ्या १४४ बाटल्या निघाल्या. तिचे नाव ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे हावरे देवदूत, असे ठेवण्यात आले. दुकानातील ग्राहक बाटलीत उरलेल्या मद्यासोबत उडून गेलेल्या मद्याचेही पैसे भरत असतो.

याच कारखान्याचे ‘टू कॉन्टिनेंट्स’ नावाचे उत्पादन या कोड्याकडे दुसऱ्या बाजूने पाहते. बेंगळुरूत काही वर्षे मुरवलेली पिंपे उरलेल्या काळासाठी युरोपात नेऊन ठेवण्यात आली. उन्हाचे काम येथे, सावलीचे तेथे.

कंपनीची स्थापना १९४८ ची. संस्थापक जे. एन. राधाकृष्ण जगदाळे; हे आडनाव मराठी वाचकाच्या कानाला परके नाही. शहाजीराजांच्या जहागिरीपासून बेंगळुरूत मराठी आडनावे आहेत. रम, ब्रँडी आणि मिश्र व्हिस्की हा या कंपनीचा मूळ व्यवसाय. १९८० च्या दशकात तेथे माल्ट तयार होऊ लागले, तेही मिश्र व्हिस्कीत घालण्यासाठी. संस्थापकांचे पुत्र नीळकंठराव यांच्या काळात हे माल्ट साठत गेले आणि त्याचे पुढे काय करावे, हा प्रश्न निर्माण झाला. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे व्यवस्थापनाचे शिक्षण घेणारे त्यांचे पुत्र रक्षित यांनी भारतीय व्हिस्की तेथील भारतीय उपाहारगृहांत विकता येईल का, हाच अभ्यासाचा विषय निवडला. ग्लासगोतील एका पबमध्ये नाव न सांगता ग्राहकांना चव दिली असता अनेकांना ती जुनी स्कॉच वाटली, असे कंपनी सांगते. २४ ऑगस्ट २००४ रोजी ग्लासगोतच ‘अमृत’चे प्रकाशन झाले. घरच्या बाजारात, म्हणजे बेंगळुरूत, ती २०१० मध्ये आली.

समीक्षक जिम मरे यांनी २००५ मध्ये तिला शंभरपैकी ८२ गुण दिले. २०१० च्या आवृत्तीत ‘अमृत फ्यूजन’ला जगातील तिसऱ्या क्रमांकाची व्हिस्की ठरवले. फ्यूजनमध्ये तीन भाग भारतीय जव आणि एक भाग पीटच्या धुरावर वाळवलेले स्कॉटिश जव असते. एका समीक्षकाच्या पसंतीवर किती भर द्यावा याविषयी मतभेद असू शकतात. बाजाराने मात्र दखल घेतली. नीळकंठराव यांचे मे २०१९ मध्ये निधन झाले. अमृत ही पहिलीच भारतीय सिंगल माल्ट नव्हे. गोव्यातील फोंड्याच्या कारखान्यातून मॅकडॉवेलने त्याआधीच आपली माल्ट विकली होती, परंतु ती परदेशी ग्राहकाच्या ओठांवर पोहोचली नाही. बेंगळुरूच्याच जॉन डिस्टिलरीजने दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळी येथे तयार होणारी ‘पॉल जॉन’ २०१२ मध्ये लंडनमध्ये सादर केली. त्यानंतर रामपूर, इंद्री, गोडावण अशी नावे वाढत गेली.

आता वादाचा मुद्दा. ब्रिटन आणि युरोपीय संघात किमान तीन वर्षे लाकडी पिंपात राहिल्याशिवाय मद्याला व्हिस्की म्हणता येत नाही. उष्ण देशावर ही अट लादणे म्हणजे आडमार्गाने लावलेले बंधन आहे, अशी तक्रार भारतीय मद्य उद्योगाच्या संघटनेने वारंवार केली आहे. २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार कराराने स्कॉचवरील आयातशुल्क १५० टक्क्यांवरून ७५ टक्के आणि दहाव्या वर्षी ४० टक्क्यांवर येणार असल्याने ही तक्रार अधिक तीव्र झाली. घटीचा हिशेब पाहता तिच्यात तथ्य आहे. परंतु ज्या सिंगल माल्टचे उदाहरण पुढे केले जाते, त्या युरोपात विकल्या जातात म्हणजे तीन वर्षांची अट त्या आधीच पाळतात. खरी अडचण वेगळी आहे. भारतात खपणाऱ्या बहुतांश स्वस्त व्हिस्कीचा पाया धान्य नसून उसाची मळी असते. मळीच्या मद्यार्कात थोडे माल्ट मिसळलेले असते. ज्या राज्यात साखर कारखान्याच्या आवारातच आसवनी उभी असते, त्या महाराष्ट्रातील वाचकाला हे वेगळे सांगायला नको. युरोपच्या कायद्यात असे मद्य कितीही वर्षे मुरवले तरी व्हिस्की ठरत नाही. पाच वर्षांच्या घटीचा भार सोसणाऱ्या उत्पादकांच्या पुण्याईवर मळीच्या मद्याला सवलत मागणे, हा युक्तिवाद फार दूर जाईल असे वाटत नाही.

महाराष्ट्रालाही या हिशेबात लवकरच पडावे लागणार आहे. पेर्नो रिकार्ड कंपनीने २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी येथील ‘लाँगिट्यूड ७७’ ही सिंगल माल्ट आणली आणि २०२४ मध्ये नागपूरजवळ बुटीबोरी येथे मोठा माल्ट कारखाना उभारण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. बेंगळुरूच्या सौम्य हवेत वर्षाला अकरा टक्के जात असतील, तर विदर्भातील मे महिन्यात देवदूत किती नेतील, याची कल्पना केलेली बरी.

कारखाना पाहू इच्छिणाऱ्यांनी थेट दारात जाऊन उभे राहू नये. ही ठिकाणे अबकारी खात्याच्या देखरेखीखाली असतात. आधी कंपनीकडे चौकशी व नोंदणी करावी लागते. कुंकळ्ळीत पॉल जॉनचे पर्यटकांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. कोठेही गेलात तरी गोदामात थोडे अधिक थांबावे. ओलसर लाकूड, काकवी आणि पिकलेल्या केळ्यासारखा तेथील दरवळ म्हणजेच उडून जाणारा वाटा. चव घेताना तोंडाशी निमुळता ग्लास घ्यावा, आधी दुरून वास घ्यावा, मग थेंब-दोन थेंब पाणी घालून पुन्हा. अनेक भारतीय माल्ट ४६ ते ५० टक्के तीव्रतेच्या असल्याने पाण्याने त्यांचा स्वाद मोकळा होतो. बर्फाने तो आखडतो. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि परतीला मेट्रो आहे, तेव्हा गाडी घरीच ठेवावी.

बाटली घेऊन गावी परतणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर, राज्यांच्या अखत्यारीत आहे. त्यामुळे तीच बाटली गोव्यात एका किमतीला, कर्नाटकात दुसऱ्या आणि महाराष्ट्रात तिसऱ्या किमतीला मिळते. स्वस्त पडते म्हणून ती विनापरवाना सीमेपलीकडे नेणे गुन्हा आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो आणि व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे.