बोकड काट्यावर

पहाटे 5
मे संपत आला की माझा दिवस शेजारच्या किराणा दुकानातल्या फ्रीजपासून सुरू होतो. रात्री तिथं ठेवलेले आइसपॅक काढायचे, डब्यात चारी बाजूंनी लावायचे आणि मधे लशीच्या बाटल्या. लस 2 ते 8 अंशांतच टिकते, आणि आमच्या धाराशिव जिल्ह्यात या दिवसांत नऊ वाजताच पत्रा तापतो. तोवर घरी सासूबाई भाकरी थापायला बसलेल्या असतात. मी पशुसखी झाले, म्हणजे गावातल्या शेळ्यांची देखभाल बघायला लागले, त्या वर्षी त्या बसत नव्हत्या. महिन्याला किराणा माझ्या पैशातून यायला लागला, तेव्हा एका सकाळी काही न बोलता परात ओढून बसल्या.

सकाळी 6
खालची वस्ती. शेळ्या अजून चरायला सुटलेल्या नाहीत, म्हणून हीच वेळ. दवाखान्यातले डॉक्टर टोचतात, मी शेळी धरते, टोचलेलीच्या शिंगाला रंग लावते आणि वहीत नोंद करते. आज आंत्रविषाराची लस. पावसाआधीच का, हे मला दारोदार सांगावं लागतं. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत उगवतं, उन्हाळाभर उपाशी असलेली शेळी त्यावर तुटून पडते, आतड्यातले जंतू वाढतात, विष तयार होतं. संध्याकाळी धडधाकट असलेली शेळी सकाळी दावणीला मेलेली सापडते. पूर्वी लोक म्हणायचे, पान लागलं असेल, म्हणजे साप चावला असेल, नाहीतर नजर लागली असेल.

‘मागल्या साली दोन गेल्या गं पोरी,’ एक म्हातारी आत्या शेळीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. ‘दोन शेळ्या म्हंजी माझं वर्साचं मीठ-मिरची.’ दोन शेळ्या गेल्या म्हणजे काय गेलं, हे मला याहून नीट सांगता आलं नसतं.

सकाळी 9
एका घरून निरोप आला, शेळी व्याली. जुळी करडं. आमची उस्मानाबादी शेळी बहुतेकदा जुळीच देते, पण दोन्ही जगवायची तर पहिल्या तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे. वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, ही समजूत अजून आहे. मी बसून दोन्ही पिलं आचळाला लावली, नाळेला आयोडीन लावलं आणि उठले.

सकाळी 11
आजचं खरं काम हे. बकरी ईद तोंडावर आहे, व्यापारी गावात फिरतायत. मागच्या गल्लीतल्या अक्कांचा बोकड विकायचा होता.

शेळी सांभाळते बाई. पाला आणते, लेंड्या काढते, रात्री उठून करडू बघते. विकायची वेळ आली की बोलतो गडी. व्यापारी बोकडाची कंबर चाचपतो, उचलून बघतो आणि एक आकडा फेकतो. जनावरांच्या बाजारात तर हातावर रुमाल टाकून, खाली बोटं धरून भाव ठरतो. परक्या पुरुषाच्या रुमालाखाली कुठली बाई हात घालणार? जनावर तिनं वाढवलेलं, आणि त्याची किंमत मात्र तिला घरी आल्यावर कळते, तीही कळली तर.

म्हणून आमच्या बायकांच्या बचत गटानं काटा घेतला. आडव्या लाकडाला टांगायचा, खाली पोत्याची झोळी. बोकड झोळीत घातला की पाय झाडतो, मग थोडा दमतो, तेव्हा आकडा वाचायचा.

व्यापारी सात हजारांवर अडला होता. काटा बघून म्हणाला, ‘ताई, आमची नजर हाच काटा.’ मी म्हटलं, मग आज दोन्ही लावू. 24 किलो भरला. किलोला 400 चा भाव तो आदल्या दिवशी शेजारच्या गावात देऊन आला होता, हे आमच्या बायकांना ठाऊक होतं. 9,600. तो बराच वेळ बोलला नाही. अक्कांचे मालक ओट्यावर होते. सवयीनं त्यांनी हात पुढं केला, तर अक्का म्हणाल्या, ‘माझ्याकडं द्या, गटाचा हप्ता हाय.’ नोटा त्यांनी स्वतः मोजल्या, सावकाश, दोनदा. मी घाई केली नाही. त्या मोजण्यासाठीच मी सकाळपासून चालत होते.

दुपारी 1
भाकरी, ठेचा, तासभर पाठ टेकली.

दुपारी 4
समाजमंदिरात गटाची सभा. महाराष्ट्रात 2011 पासून उमेद अभियान आलं, तेव्हापासून सभा, बचत, कर्ज, परतफेड आणि नोंद हे पाच नियम गटातल्या बाईला तोंडपाठ असतात. मला त्यातली नोंद सगळ्यात मोलाची वाटते. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागायला पिढ्या जातात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी जमीन बायकोच्या नावावर केली. तरी आमच्या गल्लीत अशी घरं अजून बोटावर मोजण्याएवढी. शेळीला सातबारा लागत नाही. ती उद्यापासून बाईच्या नावावर लिहिता येते, आणि आम्ही लिहितो.

अक्कांनी हप्ता भरला. उरलेल्यातून एक पाट, म्हणजे तरणी शेळी, घ्यायची म्हणाल्या. ‘मालकास्नी इचारलं का?’ कुणीतरी विचारलं. ‘सांगितलं,’ अक्का म्हणाल्या.

रात्री 9
मुलगी वही उघडून माझ्यासोबत बसते. शेळ्यांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर ती वाचते, मी खुणा करते. आज 31 शेळ्या टोचल्या, दोन करडं जगली, एक बोकड वजनावर गेला. माझी फी दोन घरांकडं राहिली, त्यांच्याकडं शेळी व्याल्यावर मिळेल. निजायच्या आधी आइसपॅक पुन्हा दुकानात नेऊन ठेवायचे. उद्या वरची वस्ती, आणि काटा दोन घरांनी मागितलाय.