अनामत ही ठेव, मिळकत नव्हे

व्यापाऱ्याच्या वहीत भाडे आणि अनामत एका खात्यात पडत नाहीत. भाडे ही मिळकत. अनामत मात्र जमेच्या बाजूला लिहिली तरी ते मालकाच्या डोक्यावरचे देणे असते. वहीतला हा विवेक भाडेकरारात पुष्कळदा हरवतो. जागा रिकामी करण्याची वेळ आली, की भिंतीचा उडालेला रंग, सैल झालेली कडी, जुना पंखा यांचा हिशेब निघतो आणि अनामतीचा मोठा वाटा त्यात विरून जातो.

व्यापारी कुटुंबे या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना असतात. पेठेतील गाळा भाड्याने दिलेला असतो, तर घरचा मुलगा पुण्यात भाड्याच्या खोलीत राहून शिकत असतो. म्हणून हा कायदा दोन्ही नात्यांनी जाणून घ्यावा.

पहिला गैरसमज अकरा महिन्यांच्या कराराचा. एवढ्या मुदतीच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे सर्रास मानले जाते. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा अथवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ही जबाबदारी मालकाची आहे. असा करार नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. कसूर करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दुसरा गैरसमज जप्तीच्या अटीचा. ‘मुदतीपूर्वी जागा सोडल्यास संपूर्ण अनामत जप्त’ असे लिहून सही घेतली, म्हणजे सारे संपले असे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारभंगाबद्दल वाजवी भरपाईच मिळते. करारातील आकडा ही तिची कमाल मर्यादा होय. आधीच भरलेली रक्कम जप्त करण्याच्या अटीलाही हे कलम लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली जमीन विक्रीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले.

तिसरा प्रश्न झिजेचा. करारात अन्यथा ठरले नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार वाजवी वापराने झालेली झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. फुटलेली काच त्याने भरून द्यावी. काळाने फिकटलेल्या रंगाचे मोल त्याच्याकडून घेऊ नये.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू अधिनियमाने निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या आणि इतर जागेसाठी सहा महिन्यांच्या भाड्याएवढी अनामतीची मर्यादा सुचवली आहे. हा केवळ नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्यावरच तो बंधनकारक ठरतो. तोवर करारातील शब्दांनाच जपावे.

ताबा घेताना दोघांनी मिळून जागा पाहावी, छायाचित्रे काढावीत, सामानाची यादी करून सह्या कराव्यात. अनामत बँकेमार्फत द्यावी आणि पावती घ्यावी. ती कोणत्या दिवशी परत मिळेल व कोणत्या कारणांसाठी कापली जाईल, हे करारात लिहावे. कपात झाल्यास बिले मागावीत. रक्कम अडवली गेल्यास प्रथम लेखी मागणी, मग वकिलामार्फत नोटीस आणि शेवटी न्यायालय, या क्रमाने जावे.

किल्ली परत आली, त्याच दिवशी वहीतले देणेही फिटावे. पेढीची पत अशाच हिशेबांनी टिकते.