नाटकमंडळ्यांनीं चाल बदलली तेव्हां

मध्यंतरीं सावेडीच्या माउली सभागृहांत एक संगीत नाटक पाहून आम्ही घरीं परतत होतों. वाटेंत माझ्या नातवानें विचारलें, "आजोबा, बीटल्सनीं भरभराटींत असतांना आपलें गाणें पार बदलून टाकलें. तसें आपल्याकडे कोणी केलें का?" मीं उत्तरास आरंभ केला, आणि घर आलें तरी तें संपेना. तेंच उत्तर आज आपणांपुढें मांडणार आहें.

प्रथम प्रश्नाचा अर्थ पाहूं. लिव्हरपूलच्या त्या चौघांनीं १९६३ सालीं लहान, टवटवीत, नाचऱ्या तालाच्या प्रेमगीतांनीं नांव मिळविलें. १९६५ सालीं त्यांच्या 'नॉर्वेजियन वुड' या गाण्यांत सतार आली. पुढच्याच वर्षीं 'टुमॉरो नेव्हर नोज' या गाण्यांत स्वरमेळ जवळजवळ एके जागीं स्थिर झाला. खालीं तंबोऱ्याचा नाद आणि वर ध्वनिफितींचे उलटसुलट तुकडे. नांव तेंच, माणसें तींच. गाणें मात्र निराळें.

आपल्याकडे हें धाडस किर्लोस्कर नाटकमंडळीनें एकदां नव्हे, पुनःपुन्हां केलें. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस नाटक सुरू केलें, तेव्हां पदें म्हणण्याचें काम मुख्यत्वें सूत्रधाराकडे असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून पदें पात्रांच्याच मुखीं घातलीं. साकी, दिंडी, कीर्तनांतील चाली, लावणीचीं वळणें, कानडी पदांच्या चाली, असा तो घरगुती ठेवा होता. पदें दोनशेंच्या घरांत; कारण पद म्हणजे जणूं संवादच. शब्द भरभर पुढें जात आणि कथा त्यांबरोबर चाले. १८८२ सालचें 'सौभद्र' याच रीतीचें होय.

पुढें १८९६ सालीं याच मंडळीनें श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचें 'वीरतनय' केलें. कोल्हटकरांच्या कानीं पारशी रंगभूमीच्या चाली बसलेल्या. त्या उडत्या, चटकदार चाली त्यांनीं मराठींत आणल्या. परंतु खरें स्थित्यंतर घडलें तें १२ मार्च १९११ रोजीं, मुंबईस, खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकांत. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्यांनीं पूरबच्या ठुमरी-कजरीचा बाज आणि रागदारीचा विस्तार नाट्यपदांत आणला. पदांची संख्या बरीच घटली, पण प्रत्येक पदास श्वास घेण्यास अवकाश मिळाला. त्याच दिवशीं बालगंधर्वांची तान्ही मुलगी दगावली होती. तरीहि ते भामिनीच्या वेषांत उभे राहिले.

१९१३ सालीं बालगंधर्व, टेंबे व गणपतराव बोडस यांनीं गंधर्व नाटकमंडळी काढली. १९१६ सालच्या 'स्वयंवर' नाटकास भास्करबुवा बखल्यांनीं चाली दिल्या, आणि भीमपलास, यमन, बिहाग हे राग बैठकींतून थेट रंगमंचावर आले. ज्यांना बैठकीचें आमंत्रण कधींच मिळालें नसतें, त्यांच्या कानांवर तिकिटाच्या पैशांत उत्तम रागसंगीत पडूं लागलें. हा लाभ मोठा. पण किंमतहि पडली. 'वन्स मोअर'च्या गजरांत गाणें वाढलें, रात्र सरली, आणि नाटक मात्र गाणें संपण्याची वाट पाहत उभें राहिलें.

१९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि प्रेक्षक तिकडे ओढला गेला. १९३३ च्या जुलैंत 'नाट्यमन्वंतर' संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक केलें. केशवराव भोळ्यांनीं त्यांत मोजकींच, आटोपशीर, भावगीताच्या वळणाचीं पदें योजिलीं. तान गेली, शब्द परतला. म्हणजे किर्लोस्करांपाशीं शब्द पुढें होता, गंधर्वांपाशीं सूर पुढें गेला आणि भोळ्यांनीं लंबक पुन्हां शब्दाकडे नेला. पुढें १९६४ सालीं 'मत्स्यगंधा' नाटकांत जितेंद्र अभिषेक्यांनीं रागाचा रस राखून पद आटोपशीर ठेवलें, तेव्हां हे दोन्ही प्रवाह पुष्कळसे एकत्र आले.

माझे वडील बालगंधर्वांचे निस्सीम भक्त. भोळ्यांचीं पदें ऐकून "हें गाणें नव्हे, हें तर बोलणें," असें म्हणत ते उठून गेले होते. त्यांच्या या हट्टाला मी पुष्कळ हंसत असें. परंतु १९७८ सालीं पुण्याच्या थिएटर अकॅडमीनें 'तीन पैशाचा तमाशा' केला, तेव्हां माझीहि परीक्षा झाली. 'घाशीराम कोतवाल' नाटकांत कीर्तन-लावणीचे ढंग खेळविणारी हीच मंडळी. आणि आतां पु. ल. देशपांड्यांनीं ब्रेख्तवरून रचलेल्या या नाटकांत नाट्यपदाशेजारींच नंदू भेंड्यांचा रॉक गाणारा कंठ! मध्यंतरांतच मी बाहेर पडलों. वडील तेव्हां हयात नव्हते. असते तर तेहि पोटभर हंसले असते.

बदल सारेच चांगले, असें मी म्हणत नाहीं. केवळ गल्ल्याकडे पाहून बदललेली चाल लवकरच विसरली जाते. पण नव्या प्रसंगाला जुनी चाल अपुरी पडली म्हणून केलेला बदल निराळा. 'मानापमान' पाहून कोणी 'सौभद्र' टाकून दिलें नाहीं. दोन्ही नाटकें आजहि होतात. नव्या चालीनें जुनी मोडत नाहीं. ऐकणाऱ्यानें उठून जाण्याची घाई केली, तर तो एकच चाल घेऊन म्हातारा होतो.

तेव्हां घरीं पोहोंचल्यावर मीं नातवाजवळ तें १९६६ सालचें गाणें मागितलें. पहिल्यानें कांहींच कळलें नाहीं. दुसऱ्या खेपेस खालचा तंबोरा ओळखीचा वाटला. तिसऱ्या खेपेस नातूच म्हणाला, "आतां मला 'स्वयंवर' ऐकवा." तें आम्ही पहांटेपर्यंत ऐकलें.