धोट्याचा विटाळ

संस्कृती म्हटली की आपल्याला वेरूळची लेणी किंवा आपल्या गावची हिमरू शाल आठवते. समाजशास्त्र मात्र माणसांच्या वागण्यामागच्या अर्थालाही संस्कृती म्हणते.

मुंबईच्या कापडगिरण्यांत कांडी बदलताना विणकर धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढी. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या ओठी जाई. म्हणून अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या साचेखात्यात मज्जाव होता. यात धोटा ही भौतिक वस्तू. ‘शिवू नये’ ही रूढी. उच्चनीचता हे तिच्या पोटातले मूल्य. रूढी मोडणाऱ्यावरचा बहिष्कार हे सामाजिक नियंत्रण. आणि या सर्वांना बांधून ठेवणारी जात ही संस्था.

लँकेशायरचे विणकरही धागा असाच ओढीत. तेथे भीती रोगाची होती, विटाळाची नव्हे. कृती तीच, अर्थ निराळा.

१९२८ च्या गिरणीसंपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साचेखाते सर्वांना खुले करण्याची मागणी लावून धरली. मजुरीसाठी एक झालेले कामगार धोट्यापाशी मात्र वेगळे होते. आम्हा संघटनेवाल्यांना यातून घ्यायचा धडा हाच की, पगाराचा करार मालकाशी होतो, पण रूढी मोडण्याचा करार आपल्याला आपसांतच करावा लागतो.