ब्लॅकबर्ड
पक्षिवर्गाच्या पॅसेरिफॉर्मीस गणातील टर्डिडी कुलाचा एक गाणारा पक्षी. याचे शास्त्रीय नाव टर्डस मेरूला असून ते लिनीअस यांनी १७५८ मध्ये दिले. यूरोप, उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया येथे तो आढळतो. एकोणिसाव्या शतकात तो ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथेही नेण्यात आला.

याची लांबी सु. २५ सेंमी. असते. नर तुकतुकीत काळा असून त्याची चोच व डोळ्याभोवतीचे कडे नारिंगी-पिवळे असते. मादी गर्द तपकिरी असते. त्यामुळे ‘काळा पक्षी’ या अर्थाचे इंग्रजी नाव केवळ नराचे वर्णन करते. कावळेही काळेच असतात. परंतु पूर्वी इंग्रजीत ‘बर्ड’ हा शब्द लहान पक्ष्यांपुरताच वापरीत व मोठ्यांना ‘फाउल’ म्हणत. म्हणून हे नाव या लहान पक्ष्याकडे आले. गांडुळे, कीटक व रसाळ फळे हे याचे अन्न होय. मादी ३ ते ५ निळसर हिरवी, ठिपकेदार अंडी घालते व सु. १३ दिवस उबविते.

लॅटिनमध्ये टर्डस म्हणजे कस्तूर व मेरूला म्हणजे हाच पक्षी. तो एकटा उडतो म्हणून हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती रोमन विद्वान व्हॅरो याने दिली आहे. फ्रेंच ‘मेर्ल’ व इटालियन ‘मेर्लो’ ही नावे मेरूलापासून आली. जर्मन ‘आम्सेल’ व जुने इंग्रजी नाव ‘ऊझल’ यांचे मूळ एकच आहे. अमेरिकेतील ‘ब्लॅकबर्ड’ मात्र इक्टेरिडी या निराळ्या कुलातील असून नावापलीकडे त्यांचा याच्याशी निकटचा संबंध नाही.

भारतीय द्वीपकल्पातील डोंगराळ भागात आढळणाऱ्या कस्तुराला जर्डन यांनी १८३९ मध्ये टर्डस सिमिलिमस (‘अत्यंत सारखा’) असे नाव दिले. पुढे दीर्घकाळ त्याची गणना टर्डस मेरूलाच्या उपजातींत होत असे. एकविसाव्या शतकात ती स्वतंत्र जाती मानली गेली. सह्याद्रीत याची नायग्रोपायलियस ही उपजाती आढळते. हिचा नर करडा-तपकिरी असून डोक्यावर काळी टोपी असते. तिच्यावरूनच हे नाव पडले. मराठीत ‘कस्तूर’ हे नाव या कुलातील इतर पक्ष्यांनाही लावतात. त्यामुळे जुन्या ग्रंथांत टर्डस मेरूला या नावाखाली आलेली सह्याद्रीतील पक्ष्याची माहिती आता टर्डस सिमिलिमस या जातीची समजावी लागते.